वॉरंटच्या यादीतले एक नाव : आमच्या काउंटीच्या शेरीफना व कमिशनर्स कोर्टाला खुले पत्र

माननीय शेरीफ, माननीय काउंटी जज, कमिशनर्स कोर्टाचे चारही सदस्य आणि माननीय जस्टिस ऑफ द पीस यांस,

सविनय नमस्कार.

पश्चिम टेक्सासमधल्या आपल्या या काउंटीत मी 19 वर्षे राहते. काउंटीच्या रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करते, घराचा कर इथेच भरते, आणि नागरिकत्व मिळाल्यापासून आपल्यापैकी ज्यांची पदे माझ्या मतपत्रिकेवर येतात त्या प्रत्येकासाठी मी मतदान केलेले आहे. गेल्या महिन्यातील बैठकीत काउंटीच्या संकेतस्थळावरील वॉरंटच्या यादीचा, म्हणजे ज्यांच्या नावावर अटकेचे वॉरंट निघालेले आहे त्यांच्या यादीचा, विषय आला, आणि "यादी आहे तशी राहू द्यावी, त्यावर वेगळा खर्च नको" एवढे बोलून पाच मिनिटांत तो मिटवला गेला. मी त्या वेळी सभागृहात मागच्या बाकावर बसले होते. तो निर्णय मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत मी काउंटी क्लार्कच्या कचेरीत दिली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे, की जवळच्या विद्यापीठाच्या गावात शिकायला आलेली मराठी मुले आठवड्याच्या शेवटी आपल्याच काउंटीतून जाणाऱ्या हमरस्त्याने प्रवास करतात, आणि त्यांच्या पुण्या-साताऱ्यातल्या आईवडिलांना वॉरंट हा शब्द ऐकला की खून-दरोडाच आठवतो. त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की कमिशनर्स कोर्ट हे नावाने कोर्ट असले तरी काम जिल्हा परिषदेसारखे करते, शेरीफ हे इथे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, लोकांनी निवडून दिलेले पद आहे, आणि जस्टिस ऑफ द पीस हे वाहतुकीच्या दंडासारखी छोटी प्रकरणे चालवणारे न्यायाधीश आहेत.

माझा भाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, शिकायला इथे आला त्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते. महाराष्ट्रातला परवाना आणि त्यासोबतचा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन तो मित्राच्या गाडीने माझ्याकडे येत होता. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल आपल्या डेप्युटीने, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, त्याला थांबवले. ते योग्यच होते, आणि भाच्यानेही कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. न्यायालयात हजर होण्याच्या वचनावर सही करून तो निघाला. त्या कागदावर त्याचे नाव मात्र चुकीचे उतरले. पासपोर्टवर आपल्याकडे स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एकाच ओळीत येते व आडनाव दुसऱ्या ओळीत येते. डेप्युटीने वडिलांचे नाव हेच आडनाव समजून लिहिले. जन्मतारीख 4 नोव्हेंबर आहे, परवान्यावर ती आपल्या पद्धतीने आधी दिवस आणि मग महिना अशी छापलेली होती, ती 11 एप्रिल झाली. रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला झालेली ही चूक मी कोणाच्या माथी मारत नाही. पण पुढच्या आठ महिन्यांत ती दुरुस्त करण्याची एकही वाट आपल्या व्यवस्थेत उपलब्ध नव्हती, आणि माझे सगळे म्हणणे त्याबद्दल आहे.

भाच्याने पहिल्या महिन्याची खोली सोडली आणि तो दुसरीकडे राहायला गेला. नवा पत्ता न्यायालयाला कळवायचा असतो हे त्याला माहीत नव्हते, ही त्याची चूक, आणि तारीख लक्षात ठेवली नाही ही त्याहून मोठी चूक. न्यायालयाचे पत्र जुन्या पत्त्यावर, वडिलांच्या नावाने गेले आणि कोणाच्या हाती लागले देव जाणे. फेब्रुवारीत, दरवर्षी होणाऱ्या ग्रेट टेक्सास वॉरंट राउंडअप या, प्रलंबित वॉरंट असलेल्यांच्या धरपकडीच्या मोहिमेची बातमी वाचून मला शंका आली आणि मी भाच्याला विचारले, "मागे तुला जो कागद मिळाला होता, त्याचे काय केलेस?" तो म्हणाला, "मावशी, त्यांचे काही पत्रच आले नाही."

तेव्हापासून आपल्या काउंटीत एका माणसाच्या नावावर वॉरंट आहे की नाही, एवढी साधी गोष्ट शोधायला मला 23 दिवस लागले. मला इंग्रजी येते, माझी स्वतःची गाडी आहे, शेरीफच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांना मी औषधांच्या खिडकीवरून नावाने ओळखते, तरीही.

मी आधी यादी पाहिली. ती आडनावाच्या क्रमाने लावलेली आहे, शोधण्याची सोय नाही, कागद स्कॅन करून चढवलेला असल्यामुळे संगणकाला त्यातली अक्षरेही वाचता येत नाहीत. भाच्याचे आडनाव त्यात नव्हते. मला हायसे वाटले, आणि ते चुकीचे होते, कारण त्याचे नाव चार पाने पुढे वडिलांच्या नावाखाली होते. यादीत नाव आणि गाव एवढेच दिलेले आहे. प्रकरण क्रमांक, न्यायालय, वॉरंटची तारीख, यादी शेवटची कधी दुरुस्त केली ती तारीख, यांपैकी काहीही नाही. त्यामुळे नाव सापडले तरी ते आपल्याच माणसाचे आहे का हे कळत नाही, आणि सापडले नाही तर वॉरंट नाही असेही म्हणता येत नाही.

मग मी शेरीफच्या कचेरीला फोन केला. फोनवर वॉरंटची माहिती देत नाही, ज्याचे नाव आहे त्याने ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष यावे, असे मला सौजन्याने सांगण्यात आले. प्रत्यक्ष आला आणि वॉरंट निघाले तर त्याला आत टाकणार का, या प्रश्नावर पलीकडचा माणूस थोडा थांबला आणि म्हणाला, "ते त्या वेळी ड्यूटीवर कोण आहे त्यावर आहे." त्या कर्मचाऱ्याने खरे उत्तर दिले म्हणून मी त्याची आभारी आहे. पण स्वतःबद्दलची माहिती विचारायला जाणे हाच अटकेचा धोका असेल, तर पाय कोण उचलेल? माझ्या खिडकीवर येणाऱ्या, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या बायका मला सांगतात की जुना दंड राहिला आहे, वॉरंट असेल बहुतेक, म्हणून त्या मुलांना घेऊन डॉक्टरांकडे यायलाही घाबरतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

जस्टिस ऑफ द पीसच्या क्लार्क आठवड्यातून दोनच दिवस असतात. त्या म्हणाल्या की यादी शेरीफ ठेवतात. शेरीफच्या कचेरीने सांगितले की कागद न्यायालयाचे आहेत. राज्याच्या सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली अर्ज करावा म्हटले तर त्या कायद्यातून न्यायालये वगळलेली आहेत, आणि इतर कचेऱ्यांनाही उत्तरासाठी कामकाजाचे 10 दिवस मिळतात. मधल्या काळात, लाजत सांगते, एका खासगी संकेतस्थळाला मी पैसे भरले. त्याने भाच्याच्या नावाशी जुळणारी तीन माणसे दाखवली, तिघेही दुसऱ्या राज्यांतले, आणि आपल्या काउंटीचे नावही त्यात नव्हते. सरकारी माहिती मिळत नसली की तिच्या जागी असली दुकाने उभी राहतात आणि गरजू लोक त्यांत पैसे ओततात.

अखेर क्लार्कनी वहीतून प्रकरण शोधून काढले, भाचा माझ्यासोबत न्यायालयात हजर झाला, दंड आणि खर्च भरला, न्यायाधीशांनी वॉरंट मागे घेतले. सगळे मिळून 20 मिनिटे लागली. न्यायाधीश महोदयांनी त्याला जी समज दिली ती योग्य होती आणि ज्या शांतपणे दिली त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

प्रकरण तिथे संपायला हवे होते. तीन महिन्यांनी भाच्याला उन्हाळ्यातली प्रशिक्षणाची जागा मिळाली आणि कंपनीने नेमलेल्या पडताळणी संस्थेच्या अहवालात "वॉरंट प्रलंबित" असे आले. यादीतून नाव निघालेलेच नव्हते. मागे घेतलेले वॉरंट यादीतून काढायचे काम कोणाचे, याचे उत्तर मला दोन्ही कचेऱ्यांतून अजून मिळालेले नाही. पावती आणि आदेशाची प्रत पाठवून, तक्रार नोंदवून तो अहवाल दुरुस्त करून घ्यावा लागला. तोवर ती जागा दुसऱ्याला मिळाली.

आता कोणी म्हणेल की एका मुलाची एक संधी गेली, एवढ्यावरून काउंटीने यंत्रणा का बदलावी. म्हणून आपल्यासारख्याच एका ग्रामीण काउंटीत घडलेली गोष्ट सांगते, जी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2004 च्या जुलैमध्ये अलाबामातील कॉफी काउंटीत हेरिंग नावाचा माणूस जप्त केलेल्या ट्रकमधून आपली वस्तू न्यायला शेरीफच्या कचेरीत आला. तिथल्या अधिकाऱ्याने शेजारच्या डेल काउंटीत त्याच्या नावावर वॉरंट आहे का याची चौकशी केली. संगणकावर होते. त्यावर त्याला अटक झाली, झडती झाली, अमली पदार्थ आणि पिस्तूल सापडले. 10 ते 15 मिनिटांत डेल काउंटीतून कळले की ते वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलेले होते, फक्त संगणकात तशी नोंद करायची राहिली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवले की ही एखाद्या ठिकाणची निष्काळजी चूक आहे, तेवढ्यावरून पुरावा बाद होणार नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात अशा नोंदी अचूक ठेवण्याला किती महत्त्व आहे ते सविस्तर मांडले. हेरिंग निर्दोष होता असे मी म्हणत नाही. त्या निकालाचा माझ्यासारखीला लागणारा अर्थ हा, की क्लार्कची नोंद राहिली तर अटक झालेल्या माणसाला नंतर न्यायालयातही फारसा आधार नाही. म्हणजे जे काही राखायचे ते नोंदवहीतच राखले पाहिजे, आणि ती वही आपल्या हातात आहे.

2016 च्या यूटा विरुद्ध स्ट्रीफ या निकालाने हे आणखी ताणले. पोलिसांनी कायदेशीर कारण नसताना थांबवले असले, तरी त्या माणसाच्या नावावर वाहतुकीचे जुने वॉरंट निघाले तर पुढची झडती टिकू शकते, असे त्यात ठरले. न्यायमूर्ती सोटोमायर यांच्या विरोधी मतात आकडे आहेत : देशभरच्या नोंदींत 78 लाखांहून अधिक वॉरंट प्रलंबित, बहुतेक किरकोळ गुन्ह्यांची, आणि मिझुरीतल्या 21,000 वस्तीच्या फर्ग्युसन गावात 16,000 लोकांच्या नावावर वॉरंट. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल टेक्सासमध्ये हजर होण्याच्या वचनावर सही करणाऱ्याला डेप्युटी जागेवर अटक करत नाही, त्याला सोडावेच लागते. त्याच प्रकरणातून निघालेल्या वॉरंटवर मात्र त्याला बेड्या पडू शकतात. शिक्षा फक्त दंडाची, आणि तुरुंगाची रात्र माहितीअभावी.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी तर ही गोष्ट दंडाच्या पुढे जाते. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये संघराज्य सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावे एफबीआयच्या एनसीआयसी या गुन्हेविषयक नोंदभांडाराशी ताडून पाहिली आणि हजारो मुलांच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे त्यांच्या विद्यार्थी दर्जाच्या सरकारी नोंदी, बंद केल्या. त्यांत खटला रद्द झालेली मुले होती, किरकोळ वाहतूक गुन्ह्यापलीकडे काहीच नसलेलीही होती. देशभर दावे दाखल झाल्यावर एप्रिलअखेर त्या नोंदी पूर्ववत करण्याचे सरकारने न्यायालयांत मान्य केले. आपल्या काउंटीची यादी त्या भांडारात जाते असे मी म्हणत नाही. पण नाव ताडून पाहणारा माणूस मुलाला ओळखत नसतो, त्याच्यासमोर फक्त नोंद असते, आणि त्या काळात माझी बहीण रोज रात्री फोन करून एकच प्रश्न विचारत असे, "ताई, त्याचे ते मिटले आहे ना नक्की?" मी हो म्हणत होते, आणि यादीत नाव तसेच होते.

आपली अडचण मला कळत नाही असे नाही. रात्री फोन घेणारी व्यक्तीच तुरुंगावर लक्ष ठेवते, क्लार्क एकट्या आहेत, आणि काउंटीचे उत्पन्न तेलाच्या भावाबरोबर वर-खाली होते. वॉरंट जाहीर केले तर माणूस पळून जाईल ही शेरीफसाहेबांची बैठकीतली हरकतही गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत मला पटते. राज्याच्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारही अटकेचे वॉरंट आणि त्यामागचे शपथपत्र लोकांना पाहण्यासाठी खुले होते ते वॉरंटची बजावणी झाल्यावर. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात तर आधी माहिती फुटली तर त्या बाईच्या जिवावर बेतेल. म्हणून माझी मागणी फक्त दंडाच्या गुन्ह्यांपुरती आणि हजर न राहिल्याच्या वॉरंटपुरती आहे. या लोकांनी पळून जावे अशी कोणाचीच इच्छा नसते, त्यांनी यावे, भरावे आणि मोकळे व्हावे अशीच असते. 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळानेही हेच धोरण कायद्यात घातले : पहिल्या तारखेला न आलेल्या माणसाला फोनने किंवा टपालाने कळवून, दुसरी तारीख देऊन, एकरकमी दंड भरता येत नसेल तर दुसरे मार्ग कोणते ते सांगितल्याशिवाय वॉरंट काढायचे नाही, आणि तो आपण होऊन हजर होऊन प्रकरण मिटवू लागला तर वॉरंट मागे घ्यायचे. आपण होऊन यायला आधी कळावे तर लागते.

साताऱ्यात आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा दावा चालू आहे. त्याची पुढची तारीख मला इथे बसून ई-कोर्ट्सवर 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की मोबाइलवर दिसते. तिकडच्या न्यायालयांत दावे किती रेंगाळतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिकडचे सगळे चांगले असे मी म्हणणार नाही. पण आठ हजारांहून अधिक मैलांवरून तालुक्याच्या न्यायालयातली तारीख कळते आणि सहा मैलांवरच्या कचेरीतले वॉरंट कळत नाही, हे मला आपल्यासमोर मांडल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. दंडाच्या गुन्ह्यांमधील आणि हजर न राहिल्याच्या वॉरंटची यादी शोधता येईल अशा स्वरूपात ठेवावी, आणि तिच्यात प्रकरण क्रमांक, न्यायालय, वॉरंटची तारीख व जन्माचे फक्त वर्ष द्यावे. पूर्ण जन्मतारीख, पत्ता किंवा छायाचित्र देऊ नये. नावाचा प्रत्येक भाग आडनाव म्हणून टाकला तरी नोंद सापडावी. ही सोय मराठी माणसांइतकीच दोन आडनावे लावणाऱ्या स्पॅनिशभाषक शेजाऱ्यांनाही लागते, आणि ते या काउंटीत आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. यादी शेवटची कधी दुरुस्त केली ती तारीख तिच्या माथ्यावर असावी. वॉरंट मागे घेतल्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत नाव निघावे, आणि ते काढण्याची जबाबदारी कोणत्या एका पदाची आहे हे कमिशनर्स कोर्टाने ठरावाने नेमून द्यावे. सर्वांत महत्त्वाचे, दंडाच्या प्रकरणाची चौकशी करायला किंवा ते मिटवायला जो आपण होऊन न्यायालयाच्या खिडकीवर येईल, त्याला त्या वॉरंटवर तिथे अटक होणार नाही, असे लेखी धोरण इंग्रजी व स्पॅनिशमध्ये दारावर लावावे. टेक्सासमधील अनेक शहरांची न्यायालये असे आश्वासन देतात, त्यामुळे आपल्याला नवे काही शोधून काढायचे नाही. चुकीचे नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करण्यासाठी एक पानाचा अर्ज असावा आणि तो टपालानेही स्वीकारला जावा.

यांतले बरेचसे एका साध्या तक्त्यात आणि आठवड्याच्या एका दुपारीत होईल. हवे असल्यास रुग्णालयात औषधांच्या साठ्याचा तक्ता आम्ही कसा ठेवतो, मुदत संपलेले औषध त्याच दिवशी कसे बाजूला काढतो, हे मी क्लार्कना माझ्या सुटीच्या दिवशी येऊन दाखवीन.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पुन्हा घ्यावा, अशी लेखी विनंती मी केली आहे. विषयपत्रिकेवरील बाबीवर बोलण्याचा नागरिकाला कायद्याने अधिकार आहे, तो मी वापरणार आहे, आणि भाचाही सोबत येईल. ठराव होईल तेव्हा होईल. पण आज सकाळी कामावर जाण्यापूर्वी मी यादी पाहिली, तेव्हा त्याच्या वडिलांच्या नावाखाली त्याची नोंद अजून होती. प्रकरण क्रमांक आणि वॉरंट मागे घेतल्याच्या आदेशाची प्रत इंग्रजी पत्राला जोडली आहे. तेवढे एक नाव बैठकीची वाट न पाहता काढावे.

आपली नम्र,
काउंटीतील एक मतदार